पंधरा मिनिटांत फिरलेला हंगाम

रविवार, २९ मे २०१६. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर आयपीएलचा अंतिम सामना रंगात आला होता आणि महाराष्ट्रातील क्रीडाप्रेमींचे डोळे साहजिकच तिकडे लागले होते. सलामीच्या जोडीने विनाबाद ११४ अशी मजल मारून दिल्यानंतरही त्या रात्री यजमान संघ ८ धावांनी हरला, ही आठवण अनेकांच्या मनात ताजी असेल. त्याच रात्री जर्मनीतील कोलोन शहरात, जवळपास २० हजार प्रेक्षक सामावणाऱ्या एका बंदिस्त क्रीडागृहात त्याहूनही थक्क करणारी पडझड घडत होती. युरोपियन हँडबॉल चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात हंगेरीचा वेस्प्रेम हा संघ ४६ व्या मिनिटाला २८-१९ असा आघाडीवर होता. प्रतिस्पर्धी होता पोलंडचा क्येल्त्से. सामना ६० मिनिटांचा आणि फरक ९ गोलांचा. चषकावर वेस्प्रेमचे नाव कोरण्याची औपचारिकताच काय ती उरली आहे, असे समजून चालण्यास कोणाची हरकत नव्हती. ६० मिनिटे पुरी झाली तेव्हा गुणफलक २९-२९ असे दाखवीत होता.

२०१५-१६ चा हंगाम हँडबॉलच्या जगात या पंधरा मिनिटांसाठी ओळखला जातो. ते योग्यच आहे. परंतु त्या पंधरा मिनिटांमागे नऊ महिन्यांची एक लांबलचक साखळी होती, नव्याने आखलेली स्पर्धा होती आणि अंतिम फेरीत एकमेकांसमोर उभी ठाकलेली दोन लहान शहरे होती. पॅरिस, बार्सिलोना आणि कील यांना मागे सारून ती तेथवर पोहोचली होती.

खेळ आणि स्पर्धा

हँडबॉल आपल्याकडे शालेय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांपुरता परिचयाचा आहे. ४० मीटर लांब व २० मीटर रुंद मैदान, प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सात खेळाडू, ३०-३० मिनिटांचे दोन डाव, आणि ३ मीटर रुंद व २ मीटर उंच गोल ही त्याची चौकट. गोलपासून सहा मीटरवरच्या रेषेच्या आत गोलरक्षकाशिवाय कोणी पाय टेकवायचा नाही. त्यामुळे आक्रमक खेळाडू रेषेबाहेरून हवेत झेप घेतो आणि पाय जमिनीला टेकण्यापूर्वी चेंडू फेकतो. गंभीर आगळीक झाली की सात मीटरवरून थेट फेक मिळते. दोन मिनिटांसाठी मैदानाबाहेर काढण्याची शिक्षा तर नित्याचीच. एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ५०-६० गोल होतात. फुटबॉलमध्ये एका गोलावर सामना तोलून धरता येतो. येथे ती सोय नाही. मात्र याच कारणामुळे मोठी आघाडी सहसा हातची जात नाही, कारण मागे पडलेल्या संघाने कितीही गोल केले तरी पुढचा संघ हात बांधून बसत नाही. कोलोनमध्ये नेमका हाच नियम मोडला.

युरोपातील राष्ट्रीय विजेत्यांची क्लब स्पर्धा १९५६-५७ मध्ये सुरू झाली. १९९१ मध्ये युरोपियन हँडबॉल महासंघ स्थापन झाला, त्याचे कार्यालय व्हिएन्नात आहे. १९९३-९४ पासून स्पर्धेला चॅम्पियन्स लीग हे नाव मिळाले. २०१० पासून शेवटचे चार संघ एकाच आठवडाअखेरीस कोलोनला जमतात. शनिवारी दोन उपांत्य सामने, रविवारी तिसऱ्या क्रमांकाची लढत आणि अंतिम सामना. नऊ महिने घरच्या व परक्या मैदानांवर, एकेका गोलाची बेरीज-वजाबाकी करीत चालणारी स्पर्धा शेवटी दोन दिवसांत, तटस्थ भूमीवर आटोपते. प्रेक्षकांच्या दृष्टीने ही पर्वणीच. पण शनिवारी जादा वेळ खेळावा लागलेला संघ चोवीस तासांत पुन्हा मैदानात उतरतो, हा त्या व्यवस्थेचा दुखरा भाग आहे.

नवी आखणी

२०१५-१६ मध्ये महासंघाने मुख्य फेरीतील संघांची संख्या २४ वरून २८ केली, आणि केवळ संख्याच वाढविली असे नव्हे, तर संघांची सरळसरळ दोन पायऱ्यांत विभागणी केली. अ आणि ब या गटांत प्रत्येकी आठ बलाढ्य संघ, क आणि ड या गटांत प्रत्येकी सहा दुय्यम मानलेले संघ. वरच्या दोन गटांतील प्रत्येक संघाला १४ साखळी सामने. पूर्वी ही संख्या १० होती. गटविजेते थेट उपांत्यपूर्व फेरीत, दुसऱ्या ते सहाव्या क्रमांकांपर्यंतचे संघ बाद फेरीच्या पहिल्या टप्प्यात. खालच्या दोन गटांतील पहिल्या दोन-दोन संघांनी आपसांत लढून केवळ दोन जागा मिळवायच्या. म्हणजे १२ संघांतून वर येणारे दोघेच.

यामागील हिशेब उघड होता. बार्सिलोना विरुद्ध क्येल्त्से, पॅरिस विरुद्ध कील असे सामने जितके अधिक, तितका प्रेक्षक अधिक, दूरचित्रवाणीवरील मागणी अधिक. तो हिशेब फसला असे म्हणता येणार नाही, कारण वरच्या गटांतील बहुतेक संध्याकाळी खरोखरीच चुरशीच्या झाल्या. परंतु छोट्या देशांच्या विजेत्यांसाठी दार इतके किलकिले ठेवावे की नाही, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. शिवाय खेळाडूंच्या शरीराचे काय? त्याच हंगामात जानेवारीत युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा होती आणि ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिक. अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या दोन्ही संघांना एकट्या चॅम्पियन्स लीगमध्येच २० सामने खेळावे लागले. ही आखणी पाच हंगाम टिकली. २०२०-२१ पासून स्पर्धा १६ संघांपुरती मर्यादित करण्यात आली आणि क व ड हे गट इतिहासजमा झाले.

दोन शहरे

वेस्प्रेम हे बालातोन सरोवराच्या उत्तरेस वसलेले, सुमारे ६० हजार वस्तीचे जुने शहर आहे. लोकसंख्येच्या मानाने आपल्या पंढरपूरहूनही लहान. तेथील हँडबॉल क्लबची स्थापना १९७७ ची. पुढे हंगेरीची राष्ट्रीय विजेतेपदे त्याच्या अंगवळणी पडली, १९९२ आणि २००८ मध्ये युरोपियन कपविजेत्यांचा चषकही त्याने मिळविला. चॅम्पियन्स लीग मात्र दर वेळी हुलकावणी देत राहिली. २००२ मध्ये अंतिम फेरीत माग्देबुर्गकडून हार, २०१५ मध्ये कोलोनला बार्सिलोनाकडून २३-२८ असा पराभव. त्यामुळे २०१५-१६ चा हंगाम वेस्प्रेमच्या लेखी राहून गेलेले काम पुरे करण्याचा होता. त्यासाठी कीलकडून आइसलँडचा आरोन पालमार्सन आणण्यात आला. उंच उडी, मनगटाची नजाकत आणि सहकाऱ्याला नेमका कोठे चेंडू हवा याची जाण या तिन्ही गोष्टी एकत्र असलेला असा मधल्या फळीचा खेळाडू त्या काळी क्वचितच दुसरा होता. बार्सिलोनात दीर्घकाळ खेळून मायदेशी परतलेला लास्लो नॉज आणि सर्बियाचा मोमिर इलिच हे जुने खांब होतेच. तरीही हंगाम सुरू होऊन काही आठवडे उलटतात न उलटतात तोच प्रशिक्षक कार्लोस ओर्तेगा यांना पायउतार व्हावे लागले आणि शावी साबाते यांच्याकडे सूत्रे आली. अंतिम फेरीत हरलेला प्रशिक्षक पुढच्या सप्टेंबरात पदावर नसतो, यावरून त्या गावाच्या अधीरतेची कल्पना यावी.

क्येल्त्से हे वॉर्सा आणि क्राकाव यांच्या दरम्यानचे, सुमारे दोन लाख वस्तीचे शहर. १९६५ मध्ये स्थापन झालेला तेथील क्लब दीर्घकाळ ‘इस्क्रा’ या नावाने ओळखला जाई. इस्क्रा म्हणजे ठिणगी. हे नाव तेथील कारखान्याचे. कारखानदारीची जुनी व्यवस्था कोसळल्यावर क्लबला नवा आधार मिळाला तो बेर्टुस सेर्व्हास या डच उद्योजकाचा. वापरलेल्या कपड्यांच्या व्यापारात जम बसविलेल्या या गृहस्थांनी आपल्या ‘व्हीवे’ कंपनीचे नाव आणि पैसा क्लबला दिला. पुढे ‘ताउरोन’ ही वीज कंपनीही सोबत आली आणि २०१५-१६ मध्ये संघ ‘व्हीवे ताउरोन क्येल्त्से’ या नावाने खेळला. २०१३ आणि २०१५ मध्ये कोलोनला जाऊन दोन्ही वेळा तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानून तो परतला होता. घरच्या क्रीडागृहात जेमतेम चार हजारांवर प्रेक्षक मावतात.

अशा शहरांत हँडबॉल हा गावाच्या अस्मितेचा विषय असतो, परंतु अस्मितेने खेळाडूंचे पगार भागत नाहीत. एखादा उद्योजक, एखादी सरकारी कंपनी, एखादी नगरपालिका यांच्या मर्जीवर सारा डोलारा उभा. त्याचे धडे त्याच सुमारास समोर होते. स्पेनमधील सिउदाद रेआल या लहान शहराच्या संघाने २००६, २००८ आणि २००९ अशी तीन विजेतेपदे मिळविली; २०११ मध्ये तो संघ आत्लेतिको माद्रिदच्या छत्राखाली राजधानीत नेण्यात आला आणि २०१३ मध्ये पैशाअभावी चक्क बंद पडला. २०१३ चा युरोपियन विजेता हाम्बुर्ग तर याच हंगामात, जानेवारी २०१६ मध्ये, दिवाळखोरीमुळे जर्मन लीगमधून बाद झाला. अवघ्या अडीच वर्षांपूर्वी कोलोनमध्ये चषक उंचावलेला संघ हंगामाच्या मध्यावर नाहीसा होतो, हे दृश्य इतर क्लबांच्या पोटात गोळा आणणारे होते.

सिउदाद रेआलच्या त्या तिन्ही विजेतेपदांचे शिल्पकार प्रशिक्षक तालांत दुयशेबाएव हेच जानेवारी २०१४ पासून क्येल्त्सेचे प्रशिक्षक होते. किर्गिझस्तानच्या राजधानीत जन्मलेले, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये संयुक्त संघातर्फे सुवर्णपदक जिंकलेले आणि नंतर स्पेनतर्फे खेळून १९९६ व २००० मध्ये कांस्यपदके मिळविलेले दुयशेबाएव कोलोनला मात्र दोनदा पोळले होते. २०११ मध्ये सिउदाद रेआलला बार्सिलोनाकडून २४-२७, आणि २०१२ मध्ये आत्लेतिको माद्रिदला कीलकडून २१-२६ अशी अंतिम सामन्यातील हार त्यांनी त्याच क्रीडागृहात पाहिली. माद्रिदचा संघ मोडल्यावर हुलेन आगिनागाल्दे हा बास्क खेळाडूही २०१३ मध्ये क्येल्त्सेला आला. प्रतिस्पर्ध्याच्या बचावभिंतीत घुसून, पाठ गोलकडे ठेवून चेंडू झेलायचा आणि गर्रकन वळून फेकायचा, हे ‘पिव्हट’चे कष्टाचे काम करणाऱ्यांत तो जगात अव्वल गणला जाई. त्याचे नाव या कथेच्या शेवटी पुन्हा येणार आहे.

संघातील पोलिश खेळाडूंनाही कोलोनचा जुना हिशेब चुकता करायचा होता. २००७ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना त्याच क्रीडागृहात झाला होता आणि यजमान जर्मनीने पोलंडला २९-२४ असे हरविले होते. गोलरक्षक स्लावोमिर श्माल, क्षिश्तोफ लियेव्स्की आणि कारोल ब्येलेत्स्की हे त्या संघात होते. यांपैकी ब्येलेत्स्कीची कहाणी निराळीच. जून २०१० मध्ये क्येल्त्सेतच क्रोएशियाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याचे बोट लागून त्याच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. दूरवरून फेक करणाऱ्या खेळाडूला एक डोळा गमावणे म्हणजे अंतराचा अंदाजच गमावणे. त्याने निवृत्तीचा विचार बोलून दाखविला, आणि काही आठवड्यांतच संरक्षक चष्मा लावून तो पुन्हा मैदानात उतरला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उद्घाटन सोहळ्यात पोलंडचा ध्वज त्याच्या हाती होता आणि पुरुषांच्या हँडबॉलमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच होते.

साखळीपासून कोलोनपर्यंत

हंगामाच्या प्रारंभी विजेतेपदाचे दावेदार म्हणून नावे घेतली जात होती ती बार्सिलोना आणि पॅरिस सेंट जर्मेन यांची. गतविजेत्या बार्सिलोनाच्या खात्यावर युरोपातील नऊ विजेतेपदे होती. पॅरिसचा क्लब २०१२ मध्ये कतारच्या गुंतवणूक कंपनीने विकत घेतल्यापासून तेथे पैशाचा प्रश्न उरला नव्हता. डेन्मार्कचा मिकेल हान्सेन, फ्रान्सचे गोलरक्षक थिएरी ओमेये, दानिएल नार्सिस, लुक आबालो आणि २०१५ मध्ये बार्सिलोनाहून आणलेला निकोला काराबातिच अशी ताऱ्यांची मांदियाळीच तेथे जमली होती. साखळीत या अंदाजांना धक्का बसला नाही. अ गटात पॅरिस आणि ब गटात बार्सिलोना पहिले आले आणि दोघेही थेट उपांत्यपूर्व फेरीत गेले. हान्सेनने हंगामात १४१ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळविला.

मध्यंतरी जानेवारीत पोलंडमध्ये युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि यजमानांची पुरती नाचक्की झाली. उपांत्य फेरीची आशा धरून क्राकावमध्ये उतरलेल्या पोलंडला क्रोएशियाने ३७-२३ असे चिरडले. राष्ट्रीय प्रशिक्षकांनी राजीनामा दिला आणि ती जबाबदारी दुयशेबाएव यांच्याकडेच आली. क्लब आणि राष्ट्रीय संघ अशी दोन्ही ओझी खांद्यावर घेऊन ते वसंत ऋतूतील बाद फेरीला सामोरे गेले. श्माल, युरेत्स्की, लियेव्स्की, ब्येलेत्स्की हे सारे क्राकावचा तो पराभव अंगावर वागवीतच क्लबमध्ये परतले होते.

बाद फेरीत क्येल्त्सेने बेलारूसच्या ब्रेस्त संघाला नमविले आणि उपांत्यपूर्व फेरीत त्याची गाठ २०१४ च्या विजेत्या फ्लेन्सबुर्गशी पडली. जर्मनीत २८-२८ अशी बरोबरी, क्येल्त्सेत २९-२८ असा विजय. १२० मिनिटांच्या खेळानंतर फरक एका गोलाचा! याच टप्प्यावर बार्सिलोनाचा प्रवास संपला. कीलने घरच्या मैदानावर कमावलेली आघाडी परतीच्या सामन्यात कशीबशी राखून गतविजेत्यांना घरी बसविले. पॅरिसने झाग्रेबला आणि वेस्प्रेमने स्कोप्येच्या वारदारला बाहेर काढले.

कोलोनच्या शनिवारी, २८ मे रोजी, क्येल्त्सेने पॅरिसला २८-२६ असे हरविले. पॅरिसची ही पहिलीच कोलोनवारी होती. पैशाने संघ उभा करता येतो, पण त्या दोन दिवसांचा सराव विकत मिळत नाही, अशी चर्चा तेव्हा झाली. ती अंमळ सोपी होती. पॅरिसच्या खेळाडूंपैकी अनेकांनी आपापल्या जुन्या क्लबांतर्फे हा चषक जिंकलेला होता. अनुभव नव्हता तो संघ म्हणून एकत्र येण्याचा. दुसऱ्या उपांत्य सामन्यात वेस्प्रेमला कीलविरुद्ध जादा वेळ खेळावा लागला आणि ३१-२८ असा विजय मिळाला. पालमार्सन आणि इलिच हे दोघेही पूर्वी कीलचे. आपल्याच जुन्या संघाला हरवून ते अंतिम फेरीत पोहोचले, मात्र दहा मिनिटे अधिक धावून. रविवारी तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत पॅरिसने कीलला २९-२७ असे हरविले.

अंतिम सामना

अंतिम सामन्यात पहिल्या डावावर वेस्प्रेमचा ठसा होता. मध्यंतराला १७-१३. दुसऱ्या डावात आघाडी वाढतच गेली आणि ४६ व्या मिनिटाला ती नऊ गोलांवर पोहोचली. क्येल्त्सेच्या पाठीराख्यांनी घोषणा थांबविल्या नव्हत्या, एवढेच. त्या घोषणांना आशेचा आधार उरलेला नव्हता.

हँडबॉलमध्ये एका संघाला सामन्यात साधारण पन्नासेक आक्रमणे मिळतात. म्हणजे उरलेल्या सुमारे १४ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला बारा-तेरा संधी. नऊ गोलांची तूट भरून काढायची तर आपण जवळजवळ प्रत्येक वेळी गोल करायचा आणि प्रतिस्पर्ध्याने जवळजवळ एकदाही करायचा नाही. कागदावर हे अशक्यच म्हणावे. घडले मात्र तेच. त्या अवधीत क्येल्त्सेने १० गोल केले, वेस्प्रेमने अवघा एक.

याचे श्रेय क्येल्त्सेच्या झुंजीला द्यायचे की दोष वेस्प्रेमला, हा वाद त्या दिवसापासून चालू आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आघाडीवरचा संघ घड्याळाकडे पाहू लागला की आक्रमणाची धार बोथट होते; चेंडू खेळवीत राहावे तर पंच निष्क्रिय खेळाचा इशारा देतात, आणि मग घाईची, अवघड कोनातून फेक करणे भाग पडते. फेक चुकली की चेंडू विजेच्या वेगाने परततो. आदल्या दिवशीच्या जादा वेळेचा थकवा पायांत होताच. आणि वेस्प्रेमच्या बाबतीत आणखी एक ओझे होते: २००२ आणि २०१५ च्या आठवणी. हंगेरीचा विजय जसजसा जवळ येत गेला तसतसे त्यांचे हात जड होत गेले, असे तो सामना पाहणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही. उलट क्येल्त्सेजवळ गमावण्यासारखे काही उरले नव्हते. फरक आठ, सहा, चार असा ओसरत गेला आणि अखेरच्या क्षणांत लियेव्स्कीच्या गोलाने बरोबरी साधली. २००७ मध्ये त्याच छताखाली हरलेला हा खेळाडू.

जादा वेळेत, पाच-पाच मिनिटांच्या दोन तुकड्यांत, वेस्प्रेम कोसळून पडेल अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही, हेही नोंदवायला हवे. नऊ गोलांची आघाडी गमावलेल्या संघाने मन सावरून पुन्हा बरोबरीची झुंज दिली. दोन्ही बाजूंनी सहा-सहा गोल झाले आणि फलक ३५-३५ वर थांबला. आता सात मीटरवरून प्रत्येकी पाच फेका. त्यात क्येल्त्सेचे चार गोल झाले, वेस्प्रेमचे तीन. निर्णायक फेक आगिनागाल्देची होती. माद्रिदचा क्लब बुडाला म्हणून क्येल्त्सेला आलेल्या खेळाडूच्या हातून क्येल्त्सेला युरोपचे पहिले विजेतेपद मिळाले. अंतिम गुणसंख्या ३९-३८. पोलंडच्या कोणत्याही क्लबने ही स्पर्धा त्यापूर्वी जिंकली नव्हती.

कोलोनच्या आठवडाअखेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवड झाली ती पराभूत संघाच्या पालमार्सनची. २०१४ मध्येही त्याला हाच सन्मान मिळाला होता, आणि तेव्हाही त्याचा संघ, म्हणजे कील, अंतिम सामना हरला होता. एकाच खेळाडूने दोनदा सर्वोत्कृष्ट ठरूनही दोन्ही वेळा हातावर हात धरून दुसऱ्यांचा जल्लोष पाहावा, हा योग विरळाच.

पुढे काय झाले

क्येल्त्सेचा उजव्या बगलेवरचा क्रोएशियन खेळाडू इवान चुपिच त्याच उन्हाळ्यात वारदारला गेला आणि २०१७ च्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी गोल करून त्याने आपल्या नव्या संघाला पॅरिसविरुद्ध २४-२३ असा विजय मिळवून दिला. सलग दोन वर्षे दोन निरनिराळ्या, आणि दोन्ही वेळा तुलनेने गरीब क्लबांतर्फे तो विजेता ठरला. त्याच वारदारने २०१९ च्या अंतिम सामन्यात वेस्प्रेमला २७-२४ असे हरविले. वेस्प्रेमची अंतिम फेरीतील ती चौथी हार. पालमार्सन पुढे बार्सिलोनाला गेला आणि २०२१ मध्ये त्याच्या हाती पुन्हा चषक आला.

क्येल्त्सेच्या नशिबाचे चक्रही फिरले. २०२२ मध्ये कोलोनला बार्सिलोनाविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेनंतर बरोबरीत राहिला आणि सात मीटरच्या फेकांत या वेळी क्येल्त्से हरला. २०२३ मध्ये माग्देबुर्गकडून जादा वेळेत २९-३० अशी एका गोलाने हार. दोन्ही वेळा बाकावर दुयशेबाएवच होते. त्या दुसऱ्या पराभवाआधीच्या हिवाळ्यात मुख्य प्रायोजकाने अंग काढून घेतल्याने क्लब टिकतो की नाही अशी वेळ आली होती. पाठीराखे वर्गणीसाठी पुढे सरसावले, नवा प्रायोजक मिळाला आणि ‘बार्लिनेक इंडुस्त्रिया क्येल्त्से’ या नव्या नावाने संघ जूनमध्ये कोलोनला पोहोचला.